वरच्या मजल्यावरचे घर: तेहतीस महिन्यांच्या वास्तव्यानंतरचा अभिप्राय

धुळ्यातील देवपूर भागात, वाडीभोकर रोडच्या आतल्या बाजूस असलेल्या एका वसाहतीत, एका दुमजली घराचा वरचा मजला आम्ही १ जून २०२२ पासून भाड्याने घेऊन राहत आहोत. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे धुण्याभांड्यांसाठी मोरी, पुढे जिन्यालगत छोटी गॅलरी आणि डोक्यावर मोकळी गच्ची, असे हे घर आहे. घरात मी, माझे पती, पाचवीत शिकणारा मुलगा आणि सासूबाई अशी चार माणसे. अकरा-अकरा महिन्यांचे तीन करार होऊन तिसऱ्याची मुदत २८ फेब्रुवारी २०२५ रोजी संपत असल्यामुळे, हे घर ठेवायचे की सोडायचे या विचारात आमचा जानेवारीचा बहुतेक महिना गेला. त्या वेळी मी जे टिपण केले, त्यावरूनच हा अभिप्राय लिहीत आहे. घरमालक वडीलधारे आहेत आणि तळमजल्यावरच राहतात, म्हणून त्यांचे नाव किंवा घराचा पत्ता देत नाही. मात्र घराविषयी चांगले-वाईट जे आहे ते सगळे लिहिले आहे, आणि त्यातील उणिवा लिहिण्याआधी त्यांच्या कानावर घातल्या आहेत.

सर्वांत आधी एक गोष्ट सांगते, जी माझ्या स्वतःच्या लक्षात यायला तिसरा करार उजाडावा लागला. अकरा महिन्यांचा करार दर वेळी एक महिना अलीकडे सरकतो. आमचा पहिला करार ३० एप्रिल २०२३ ला संपला, दुसरा ३१ मार्च २०२४ ला आणि तिसरा आता फेब्रुवारीअखेर संपतो आहे. पहिल्या खेपेस आम्ही राहायचे ठरवले तेव्हा उन्हाळ्याची नुसती सुरुवात होती आणि मुलाची परीक्षा तोंडावर असल्याने फारसा विचार न करता सही केली. दुसऱ्या खेपेस होळी होत होती. आणि या खेपेस तर निर्णयाची वेळ आली ती थेट थंडीत, जेव्हा धुळ्यात पहाटे दोन पांघरुणे पुरत नाहीत, सकाळी गच्चीवरचे ऊन हवेहवेसे वाटते आणि दुपारीसुद्धा घरात पंखा लावावा लागत नाही. या दिवसांत हे घर इतके सुखाचे असते की त्याचा उन्हाळा आठवतसुद्धा नाही. खान्देशातले घर मे महिन्यात पारखायला हवे, हे आपल्याकडे सगळ्यांना कळते. पण कराराच्या तारखाच आम्हाला दर वेळी मे महिन्यापासून एकेक पाऊल दूर नेत होत्या, हे आमच्या ध्यानात आले नव्हते.

म्हणून उन्हाळ्याविषयीच सविस्तर लिहिते. आमच्या डोक्यावर थेट स्लॅब आहे आणि निजायच्या खोलीची लांब भिंत पश्चिमेकडे आहे. तिच्यावर ना छज्जा आहे ना झाडाची सावली. अंगणातला कडुनिंब पूर्वेच्या बाजूला आहे आणि त्याची सावली तळमजल्यापुरती पुरते. एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून पावसाचा पहिला जोरदार शिडकावा होईपर्यंत ही भिंत दुपारी तीनपासून तापत जाते, आणि खरा त्रास सूर्य मावळल्यावर सुरू होतो, कारण दिवसभर घेतलेली उष्णता ती रात्रभर खोलीत सोडत राहते. २०२४ च्या उन्हाळ्यात मी त्या भिंतीला खिळा ठोकून एक साधा तापमापक लावला होता. मे महिन्यात रात्री नऊ वाजता त्याचा पारा ३८ अंशांवर असे आणि साडेबारा-एकपर्यंत ३५ च्या खाली उतरत नसे. भिंतीला हात लावला तर नुकत्याच उतरवलेल्या तव्याशेजारच्या ओट्याला हात लागावा तशी ती लागे. लोखंडी पलंग आम्ही भिंतीपासून दोन हात पुढे ओढला, गाद्या उचलून फरशीवर घातल्या, झोपण्यापूर्वी फरशी ओल्या फडक्याने पुसून घेऊ लागलो, आणि मुलगा तर अंगाखाली काहीही न घेता नुसत्या फरशीवर झोपे.

नळाच्या पाण्याचेही तसेच. गच्चीवरची काळी टाकी दुपारी इतकी तापते की तीन वाजता मोरीचा नळ सोडला तर हात भाजतो. म्हणून उन्हाळ्यात रात्रीच बादल्या भरून ठेवायच्या आणि सकाळी त्या पाण्याने आंघोळ करायची, असा आमचा नेम झाला आहे.

कूलर हा येथे चैनीचा भाग नाही. आपल्याकडची उन्हाळी हवा कोरडी असल्यामुळे पाण्यावरून ओढलेली हवा खरोखर गार होते, आणि म्हणूनच एप्रिल-मे महिन्यांत साधा कूलरही चांगले काम देतो. परंतु जूनचे पहिले दोन आठवडे, ढग जमू लागलेले आणि पाऊस पडलेला नाही, अशा दिवसांत हवेतच ओल असल्याने कूलर निरुपयोगी ठरतो. अशा वेळी वरच्या मजल्यावर राहणाऱ्याने काय करावे, याला माझ्याकडे आजही नीट उत्तर नाही. आम्ही गच्चीवर झोपतो. वरचा मजला भाड्याने पाहायला जाणाऱ्याने गच्ची वापरायला मिळेल की नाही, हे आधी विचारून घ्यावे. आम्हाला ती मिळाली आणि या घरात टिकून राहण्याचे ते एक मोठे कारण आहे.

माझे माहेर शिरपूर तालुक्यातले. तेथे आमचे जुने घर धाब्याचे होते: हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, लाकडी सरे, वर मातीचे सपाट धाबे. पावसाळ्याच्या तोंडावर धाब्यावर खारी माती टाकावी लागे, हे कष्टाचे काम खरे. पण मे महिन्यातल्या दुपारी त्या घरात शिरले की डोळ्यांना अंधारी यावी इतका गारवा असे. सिमेंटचा चार-पाच इंचांचा स्लॅब आणि विटांची बारीक भिंत यांच्याकडून ती अपेक्षा करता येत नाही, हे मान्य आहे. परंतु ज्या गावी पारा ४२-४३ अंशांपर्यंत सहज जातो, तेथे पश्चिमेच्या भिंतीला छज्जा किंवा निदान पांढरा रंग असावा, एवढी अपेक्षा भाडेकरूने ठेवणे काही जास्त नाही.

गच्चीला चुना मारण्याचा उपाय आम्ही २०२४ च्या एप्रिलमध्ये करून पाहिला. काकांनी, म्हणजे घरमालकांनी, चुन्याचा खर्च दिला आणि माझे पती व मी दोन सकाळी गच्चीवर बसून ब्रशने दोन हात मारले. चुना निघून जाऊ नये म्हणून त्यात थोडे फेविकॉल घातले होते. दुपारी स्वयंपाकघरातला पंखा पूर्वी गरम वाफ खाली ढकलत असे, ते बरेच कमी झाले. माझ्या तापमापकात आधीच्या आणि नंतरच्या आठवड्यात साधारण दोन अंशांचा फरक दिसला. पाऊस दोन महिन्यांत तो चुना धुऊन नेतो, त्यामुळे हे काम दरवर्षीचे आहे. ते कोणी करायचे आणि खर्च कोणाचा, हे आमच्या करारात कोठेही नव्हते.

पाण्याविषयी थोडक्यात. तापी नदी आणि नकाणे तलावासारख्या ठिकाणांहून धुळ्याला पाणी मिळते, पण वसाहतीतला नळ रोज येत नाही; काही दिवसांच्या अंतराने येतो, आणि उन्हाळ्यात ते अंतर वाढते. त्यामुळे घर पाहताना नळ आहे का, एवढे विचारून भागत नाही. खाली हौद किती लिटरचा आहे, बोअर आहे का आणि मे महिन्यात त्याला पाणी राहते का, मोटार कोणाच्या ताब्यात आहे, हे विचारावे लागते. येथे पाच हजार लिटरचा हौद आहे, बोअर एप्रिलपर्यंत चांगला चालतो आणि पुढे धार बारीक होते. तेहतीस महिन्यांत आमच्यावर टँकर मागवण्याची वेळ दोनदा आली आणि दोन्ही वेळा खर्च निम्मा-निम्मा झाला. पाण्याच्या बाबतीत आमची काहीही तक्रार नाही. काका पहाटे पाचला उठून स्वतः मोटार लावतात आणि आधी वरची टाकी भरतात, मग खालची.

विजेच्या बाबतीत मात्र आमचे बरेच नुकसान झाले आणि ते आमच्या अज्ञानामुळे झाले. संपूर्ण घराला महावितरणचे एकच मीटर होते आणि वरच्या मजल्यासाठी सबमीटर लावलेले होते. सबमीटरचे युनिट मोजून त्या प्रमाणात आम्ही पैसे देत होतो आणि हा हिशोब आम्हाला सरळ वाटत होता. घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो, पहिल्या १०० युनिटना सर्वांत कमी, १०१ ते ३०० ला त्याहून जास्त, ३०१ ते ५०० ला त्याहूनही जास्त, हे माहीत असूनही त्याचा अर्थ आमच्या लक्षात आला नव्हता. २०२३ च्या मे महिन्यात आमचे युनिट २६० झाले आणि खालचे १९०. मीटर वेगळे असते तर दोन्ही कुटुंबे ३०० च्या आत राहिली असती. एकत्र बेरीज ४५० झाल्याने शेवटच्या दीडशे युनिटना तिसऱ्या टप्प्याचा दर लागला, शिवाय १०० युनिटांचा स्वस्त टप्पा दोघांना मिळायचा तो दोघांत मिळून एकच मिळाला. कोणी कोणाला फसवले नव्हते. दोघांचेही पैसे जात होते. मी हा हिशोब एका कागदावर मांडून काकांना दाखवला तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचला आणि पुढच्याच महिन्यात वरच्या मजल्यासाठी स्वतंत्र मीटरचा अर्ज केला. सबमीटर असलेल्या घरात राहणाऱ्या प्रत्येकाने उन्हाळ्याचे एक बिल घेऊन हा हिशोब एकदा करून पाहावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता खरी तक्रार. गॅलरीच्या कठड्याचा आणि स्लॅबचा जेथे सांधा आहे तेथून पावसाळ्यात पाणी झिरपते. २०२२ च्या जुलैत तेथे तळहाताएवढा ओला डाग होता. २०२३ च्या पावसाळ्यात प्लास्टरला पोपडे आले आणि पुस्तकांच्या कपाटामागे बुरशी धरली. मुलाच्या दोन वर्षांच्या वह्या आणि सासूबाईंची एक जुनी पोथी त्यात खराब झाली. पोथीची पाने एकमेकांना चिकटली होती आणि सासूबाई दुपारभर ती सुरीच्या पात्याने एकेक करून सोडवत बसल्या होत्या, ते मी विसरू शकत नाही. आम्ही पहिल्याच वर्षी सांगितले होते, दुसऱ्या वर्षी पुन्हा सांगितले, आणि दोन्ही वेळा "पाऊस उघडू द्या, मग गवंडी बोलावू" असे उत्तर मिळाले. पाऊस उघडला की कपाशीची वेचणी सुरू होते, काकांचा मुक्काम साक्री तालुक्यातल्या शेतावर हलतो आणि घराचे काम मागे पडते. २०२४ च्या मे महिन्यात गवंड्याने सांधा फोडून पुन्हा भरला, पण गेल्या पावसाळ्यात डाग पुन्हा दिसला, पूर्वीपेक्षा लहान. म्हणजे दुरुस्ती झाली, पण पुरती झाली नाही.

याच काका-काकूंविषयी दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. ऑक्टोबर २०२३ मध्ये सासूबाई रात्री मोरीत पडल्या तेव्हा माझे पती परगावी होते. काकांनी शेजाऱ्याची गाडी काढायला लावली आणि काकू पहाटेपर्यंत दवाखान्यात माझ्यासोबत बसून होत्या. दुपारी सासूबाई खाली कडुनिंबाखाली काकूंजवळ बसतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये दोघी मिळून गच्चीवर उडदाचे पापड आणि ज्वारीची बिबडी घालतात. सासूबाईंच्या गुडघ्यांना जिना झेपत नाही, हे घर सोडण्याचे एक कारण म्हणून मी टिपणात लिहिले होते, त्यांना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "जिना दिवसातून एकदा उतरते नि एकदा चढते, पण खाली उतरून बसायला माणूस आहे ना." मी ते कारण खोडले.

घर सोडायचे म्हटले तर काय मिळते, हेही आम्ही प्रत्यक्ष पाहिले. गोंदूर रोडकडे एका नव्या इमारतीत पहिल्या मजल्यावर दोन बेडरूमचे घर ११,००० रुपये भाड्याने मिळत होते, ठेव ५०,००० रुपये आणि देखभालीचे महिना ७०० रुपये वेगळे. घर देखणे होते, वर आणखी तीन मजले असल्याने स्लॅब तापण्याचा प्रश्न नव्हता. दुसरे घर साक्री रोडच्या बाजूला तळमजल्यावर, ९,५०० रुपयांत. पण त्याच्या दोन खोल्यांना मिळून एकच खिडकी होती आणि तीही शेजारच्या भिंतीकडे उघडत होती. ते घर आम्ही पाचव्या मिनिटाला मनातून काढून टाकले.

नव्या इमारतीतल्या घराचा मात्र नीट हिशोब मांडला. आमचे चालू भाडे ८,५०० रुपये होते, सुरुवातीचे ७,५०० आणि मधले ८,०००. या वेळी काकांनी ९,५०० मागितले. एकदम हजार रुपये म्हणजे जवळजवळ १२ टक्के वाढ. आधीच्या दोन्ही खेपांना ती सहा-साडेसहा टक्क्यांच्या आसपास होती. वर्षाला ४ टक्क्यांहून जास्त वाढ करताच येत नाही, असे आम्हाला एका ओळखीच्या गृहस्थांनी सांगितले होते, पण ते आमच्या प्रकरणात लागू पडत नाही: ती तरतूद महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मधील संरक्षण असलेल्या भाडेकरूंसाठी आहे, आणि आमच्यासारख्या लिव्ह अँड लायसन्सच्या, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती जागा वापरण्याची परवानगी देणाऱ्या, करारात भाडे किती वाढेल ते दोन्ही बाजूंनी ठरवून लिहिलेले असते तेवढेच. त्यामुळे कायद्याचा धाक घालण्याऐवजी आम्ही आकडे घेऊन बोलायला बसलो. नव्या घरी गेलो तर भाडे आणि देखभाल मिळून ११,७००, दलालाला एका महिन्याचे भाडे म्हणजे ११,०००, टेम्पो आणि हमाल साडेचार हजार, शिवाय शाळेच्या रिक्षाचे महिन्याला जास्तीचे पैसे आणि दुप्पट ठेव. उलट काकांच्या बाजूने पाहिले तर आम्ही गेल्यावर घर एखादा-दीड महिना रिकामे राहिले असते आणि रंग द्यावा लागला असता. दोघांनीही समोरच्याचे आकडे मान्य केले आणि ९,००० वर सौदा ठरला.

परंतु भाड्यापेक्षा मला महत्त्वाची वाटत होती ती मुदत. अकरा महिन्यांचा करार करण्याची चाल कोठून आली, ते समजून घेतल्यावर ती सोडून द्यायला हरकत नाही, असे माझे मत झाले. नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. ती टाळण्यासाठी अकरा महिन्यांचा कागद करायची पद्धत पडली. महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण अधिनियम ३१ मार्च २००० पासून अमलात आला आहे आणि त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार कितीही महिन्यांचा असला तरी तो लेखी असला पाहिजे आणि त्याची नोंदणी झाली पाहिजे. ही जबाबदारी घरमालकावर आहे. ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा त्यात सांगितली आहे. आणि नोंदणी नसेल तर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्या, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरल्या जातात. म्हणजे १०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीची सही घेऊन केलेला अकरा महिन्यांचा कागद, जो आमचा पहिल्या दोन्ही खेपांना होता, तो कायद्याच्या दृष्टीने अपुराच होता. याचा धोका दोन्ही बाजूंना होता आणि मालकाला तर अधिक.

खर्चाचे म्हणाल तर नोंदणी फार महाग नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या आणि ठेवीवरील वर्षाला १० टक्के दराने धरलेल्या व्याजाच्या बेरजेवर ०.२५ टक्के असते. आमचे १५ महिन्यांचे भाडे १,३५,००० रुपये, २५,००० रुपये ठेवीवरचे तेवढ्या काळाचे व्याज ३,१२५ रुपये. यावर शुल्क साडेतीनशेच्या घरात येते. शहरी भागात नोंदणी शुल्क १,००० रुपये. एवढ्या पैशांत वर्षभर मनाला स्वस्थता मिळते. मुदत संपल्यावर "राहू द्या, पुढच्या महिन्यात बघू" असे म्हणत राहणेही धोक्याचे आहे, कारण भाडे नियंत्रण अधिनियमाच्याच कलम २४ प्रमाणे मुदतीनंतर जागा न सोडणाऱ्याला भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. आमचा दुसरा करार संपल्यावर तिसऱ्यावर सह्या होईपर्यंत असे सतरा दिवस गेले होते आणि कोणाच्याही ते मनात आले नव्हते.

मी वर पंधरा महिने म्हटले, ते मुद्दाम. १ मार्च २०२५ पासून पंधरा महिने म्हणजे ३१ मे २०२६. अशी मुदत घेतली की पुढचा निर्णय भर उन्हाळ्यात, भिंत तापलेली असताना आणि मुलाची शाळा सुटलेली असताना घेता येईल; राहिलो तर घराचा उन्हाळा पाहून राहू, सोडले तर जूनपूर्वी नव्या घरी बस्तान बसवता येईल. काकांना हे सांगताना मला वाटले होते की ते विचारतील, पंधरा महिन्यांचा कोठे करार असतो का. पण शेतकरी माणूस; त्यांना तारखा सरकण्याचा मुद्दा माझ्यापेक्षा लवकर कळला. आपल्याकडे सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचे, साल आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बसते आणि आखाजीला उठते, अकरा महिन्यांचा सालदार ठेवला तर दोन वर्षांत तो ऐन गहू-हरभऱ्याच्या काढणीत सोडून जाईल, असे त्यांनीच मला समजावले. आणि मग म्हणाले, "घर तुमनंच शे ना ताई, तुम्ही म्हणाल ती तारीख घाला."

घर आपलेच आहे, हे प्रेमाने म्हटलेले वाक्य मी प्रेमानेच घेतले; परंतु तीन गोष्टी करारात लिहून घेतल्या. होळीपूर्वी गच्चीला चुना, सामान मालकाचे आणि मजुरी आमची. गॅलरीचा सांधा मेअखेर पुन्हा भरून घेणे आणि नंतरही पाणी झिरपले तर त्या महिन्याच्या भाड्यातून दुरुस्तीचा खर्च वळता करण्याची मुभा. पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून पांढरा रंग आणि खिडकीवर पत्र्याचा छज्जा, याचा खर्च मालकाचा. सोडायचे झाल्यास दोन्ही बाजूंनी एक महिन्याची सूचना आणि ठेव ताबा देताना त्याच दिवशी परत, हेही लिहिले. खोल्यांची, नळांची, पंख्यांची आणि भिंतींवरच्या डागांचीसुद्धा छायाचित्रे काढून दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवली आहेत, म्हणजे जाताना कोणता डाग कोणाचा यावर वाद नको.

नोंदणी घरीच झाली. लॅपटॉप आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन एक तरुण संध्याकाळी आला, आधारवरून आमच्या ओळखी पटवल्या, छायाचित्रे घेतली. माझा, माझ्या पतींचा आणि दोन्ही साक्षीदारांचा अंगठा लगेच लागला. काकांचा लागेना. त्यांनी हात साबणाने धुतले, धोतराला पुसले, काकूंनी बोटाला खोबरेल तेल लावून पाहिले, पुन्हा पुसले. यंत्र दर वेळी नकार देत होते. पन्नास वर्षे विळा आणि कुदळ धरून अंगठ्यावरच्या रेषा पुसट झाल्या होत्या. तो तरुण घाईत होता तरी शांत राहिला आणि एकेक करून त्याने सगळी बोटे लावून पाहिली. शेवटी डाव्या हाताच्या अनामिकेला हिरवा दिवा लागला. मसुदा सही करण्याआधी वाचून दाखवा, असा आग्रह मी धरला होता आणि तो त्याने मान्य केला. मराठी मसुद्यात आमच्या तीन अटींपैकी एक, छज्ज्याची, राहून गेली होती. ती वाचतानाच सापडली आणि जागच्या जागी घालून घेता आली.

हे घर कोणी घ्यावे, असे कोणी विचारले तर माझे उत्तर असे आहे. दिवसा घरी कोणी नसणाऱ्या नोकरदार जोडप्याला, गच्चीची आवड असणाऱ्यांना, घरमालक खालीच राहतात याचा जाच न वाटता आधार वाटणाऱ्यांना हे घर चांगले आहे. तान्हे बाळ किंवा आजारी माणूस घरात असेल आणि ते दिवसभर वरच असणार असेल, तर एप्रिल ते जून हे घर त्यांच्यासाठी नाही, मग भाडे कितीही कमी असो. पाणी आणि माणसे यांना मी पूर्ण गुण देते. उन्हाळा आणि दुरुस्तीची दिरंगाई यांना नाही. आम्ही राहायचे ठरवले ते हे सर्व जाणून, आणि ३१ मे २०२६ रोजी पुन्हा नव्याने ठरवू या अटीवर.

काल संध्याकाळी काकांनी चुन्याची दोन पोती आणून जिन्याखाली ठेवली आहेत. तापमापक मी माळ्यावरून काढून पश्चिमेच्या भिंतीवरच्या त्याच खिळ्याला पुन्हा अडकवला आहे. आज रात्री नऊ वाजता तो २४ अंश दाखवत होता.